नुसतं ‘बटण’ ऐकू येतं तेव्हा

स्क्रीन रीडर पडद्यावर काय आहे ते अंधांना वाचून दाखवतो, पण तो पडद्यावरचं चित्र पाहत नाही. प्रत्येक बटणाचं नाव, प्रकार आणि स्थिती तो प्रोग्रामकडूनच मागून घेतो. विंडोजवर यासाठी १९९७मध्ये अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय आली, पुढे यूआय ऑटोमेशन. प्रोग्रामरने फ्लॉपीचं चित्र काढलं, पण ‘सेव्ह’ हे नाव दिलंच नाही, तर अंध माणसाला नुसतं ‘बटण’ ऐकू येतं. शेजारची चार बटणंही तशीच! नाव द्यायला अनेकदा कोडची एक ओळ पुरते. तीही राहून जावी, हे अक्षम्य आहे. माउसला हात न लावता, टॅब दाबत प्रत्येक बटणापाशी पोचता यायला हवं, ते वेगळंच.

२००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा आवाज मराठीही वाचतो.