काळा चहा आंबवलेला असतो काय?

चहाच्या व्यापारात ‘फर्मेंटेशन’ हा शब्द सर्रास वापरला जातो. साहजिकच, आंबवलेले पदार्थ टाळणाऱ्या घरांत शंका उद्भवते : काळा चहाही त्यांतलाच काय?

वस्तुतः काळ्या चहाचा रंग जंतूंमुळे येत नाही. कोवळ्या पानात कॅटेचिन नावाची फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. त्याच पेशीत, परंतु निराळ्या कप्प्यात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर असते. पान शाबूत असेतोवर दोघांची गाठ पडत नाही. कोमेजवलेले पान यंत्रात चुरडले की कप्पे फुटतात आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने विकर कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण घडवते. त्यातून थिआफ्लेविन व थिआरुबिजिन निर्माण होतात. पहिल्याने चहाला तकाकी व तरतरी लाभते, दुसऱ्याने गडद रंग. चिरलेले सफरचंद तपकिरी पडते, तेही याच विकरामुळे.

कारागिराची कसोटी येथेच लागते. क्रिया लवकर थांबली तर चहा कच्चट लागतो. फार लांबली तर थिआफ्लेविन घटून चव मंदावते. योग्य वेळी उष्ण हवेने पान वाळवले की विकर निष्क्रिय होते. हिरव्या चहाला प्रारंभीच वाफ किंवा कढईची आच देतात. म्हणून तो हिरवा राहतो.

तेव्हा ग्राहकाने विचारल्यास निःशंकपणे सांगावे : हे आंबवणे नव्हे, ऑक्सिडीकरण होय. मात्र चीनमधील मुरवलेला पु-अर चहा आणि कोंबुचा यांत सूक्ष्मजीवांचे कार्य असते. त्यांचा हिशेब वेगळाच ठेवावा.