समुद्राने वळलेले चेंडू

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वादळानंतर फिरायला गेलात, तर वाळूत तपकिरी रंगाचे हलके, केसाळ चेंडू पडलेले दिसतील. काही सुपारीएवढे, काही मोसंबीएवढे! हे चेंडू कोणा प्राण्याने केलेले नसतात. ते लाटांनी वळलेले असतात.

या समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया ओशियानिका नावाची, गवतासारख्या लांब पानांची वनस्पती वाढते. ती शैवल नव्हे. तिला मुळे, खोड, पाने असून फुले आणि फळेही येतात. जुनी पाने गळली की पानांच्या बुंध्याचे चिवट तंतू मागे उरतात. ते सुटले की लाटांच्या हेलकाव्यांनी एकमेकांत गुंततात आणि चेंडू तयार होतो. पर्यटकांना हा कचरा नकोसा वाटतो, म्हणून अनेक ठिकाणी तो गोळा करून टाकून दिला जातो.

या तंतूंचा उपयोग काय? मातीच्या भिंतीसाठी चिखल तुडवताना त्यात भुसा का घालतात, हे आठवा. नुसती माती वाळली की तडकते. भुसा तिला धरून ठेवतो. संमिश्र पदार्थांचे तत्त्व हेच. प्लॅस्टिक तंतूंना जागेवर धरून ठेवते आणि ताणाचा मोठा वाटा तंतू उचलतात. काचतंतूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर सेल्युलोजची सुमारे १.५ ग्रॅम असते. म्हणून वस्तू हलकी होते. स्पेन, इटली आणि ट्युनिशियातील संशोधकांनी पोसिडोनियाचे तंतू घालून असे पदार्थ बनवून पाहिले आहेत.

अडचणीही आहेत. तंतूला पाणी प्रिय, बहुतेक प्लॅस्टिकला ते नकोसे. त्यामुळे दोघांची पकड ढिली राहते. म्हणून तंतू सौम्य अल्कलीत धुतात. शिवाय सुमारे २०० अंश सेल्सियसच्या वर तंतू करपू लागतात. तेव्हा कमी तापमानाला वितळणारेच प्लॅस्टिक निवडावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. किनाऱ्यावर साचलेले पानांचे ढीग लाटांचा मारा सोसून वाळू वाचवतात. बार्सिलोना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की या चेंडूंत समुद्रातले प्लॅस्टिकचे तुकडेही अडकून बाहेर येतात. समुद्राखालचे हे कुरण आडवे पसरते ते वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर. म्हणून जे उचलावेच लागते, तेवढेच कारखान्यात न्यावे. आपण ज्याला कचरा म्हणतो, त्याला निसर्गाने आधीच काही काम नेमून दिलेले असते. ते काम कोणते, हे पाहूनच त्याला हात लावायला हवा.