व्यायामातील खंड आणि शरीराची पुंजी

वजने उचलण्याचा व्यायाम हा एकेकाळी पहिलवान, स्पर्धक आणि महाविद्यालयीन तरुण यांच्यापुरताच मर्यादित मानला जात असे. आता ही परिस्थिती पालटली आहे. प्रौढ व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतील नोकरदार, गृहिणी आणि निवृत्त मंडळीही व्यायामशाळेची पायरी चढू लागली आहेत.

या व्यायामातील प्रगती आकड्यांत मोजता येते. पाच किलोचे डंबेल साडेसातवर जाते, साडेसाताचे दहावर. हा वाढता आकडा उत्साह देतो. परंतु एखादा अपघात होताच तोच आकडा मनाला टोचू लागतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरून मनगट मोडते, दुचाकी घसरून खांदा दुखावतो, तर कधी हातातून निसटलेली लोखंडी चकती पायावर पडते. कारण कोणतेही असो, व्यायामात खंड पडतो. अशा वेळी काही जण ‘वर्षभराची मेहनत पाण्यात गेली’ असे समजून व्यायामाला कायमचा रामराम ठोकतात. तर काही जण गमावलेले लवकर भरून काढण्याच्या ईर्ष्येने बरे वाटताच जुनेच वजन उचलू पाहतात. या दोन्ही प्रतिक्रिया का चुकीच्या आहेत, हे समजण्यासाठी खंडाच्या काळात शरीरात काय घडते ते पाहणे उपयुक्त ठरेल.

विश्रांतीत काय घटते?

वापर थांबला की स्नायू झपाट्याने रोडावतो, ही गोष्ट खरी आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी निरोगी तरुणांचा एक पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अवघ्या पाच दिवसांत मांडीच्या पुढील स्नायूचा आकार सुमारे साडेतीन टक्क्यांनी आणि ताकद सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. चौदा दिवसांनंतर आकारातील घट आठ टक्क्यांच्या वर, तर ताकदीतील घट जवळपास तेवीस टक्के झाली.

या आकड्यांतील तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. आकार जेवढा घटला, त्याच्या दुपटीहून अधिक ताकद घटली. याचे एक कारण असे की, ताकद केवळ स्नायूच्या जाडीवर अवलंबून नसते. मेंदू आणि मज्जासंस्था किती स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावू शकतात, यावरही ती अवलंबून असते. न वापरलेल्या अवयवाकडे जाणारी ही आज्ञाच दुबळी होते. म्हणजे गमावलेल्या ताकदीचा काही भाग नाहीसा झालेला नसून तो वापरात नसलेला असतो.

पुंजी कोठे टिकते?

पूर्वी व्यायाम केलेल्या माणसाची ताकद नवख्यापेक्षा लवकर परत येते, हा तालमीतील जुना अनुभव आहे. त्यामागील कारणांचा शोध अलीकडच्या काळात लागू लागला. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात क्रिस्तियान गुंडरसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्नायूवर भार वाढला की त्याच्या तंतूंमध्ये नवीन पेशीकेंद्रे दाखल होतात आणि पुढे स्नायू रोडावला तरी ती टिकून राहतात, असे त्यात आढळले. मानवी स्नायूंत ही केंद्रे किती काळ टिकतात याबाबत संशोधकांत अद्याप एकमत नाही. तथापि, स्नायू आपल्या वाढीची खूण जनुकांवरील रासायनिक बदलांच्या रूपाने जपतो, असे ब्रिटनमधील कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये माणसांवरील अभ्यासातून दाखवले.

व्यवहाराच्या दृष्टीने फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठाचा २०२४ चा अभ्यास अधिक दिलासा देणारा आहे. त्यात एका गटाने सलग वीस आठवडे वजनाचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने दहा आठवडे व्यायाम, दहा आठवडे पूर्ण विश्रांती आणि पुन्हा दहा आठवडे व्यायाम असा क्रम पाळला. अखेरीस दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखीच होती. खंडानंतरचे पहिले काही आठवडे प्रगती विशेष वेगाने झाली. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खंडाच्या काळात खात्यात नवी जमा थांबते, शिल्लकही काहीशी घटते. पण खाते बंद होत नाही.

खरा धोका कोठे आहे?

मात्र या अभ्यासांतील व्यक्ती निरोगी होत्या. दुखापतग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत एक वेगळी अडचण उभी राहते. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तो लवकर सावरतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि सांध्यातील हाडे एकमेकांना बांधणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यांची झीज भरून निघण्यास महिने लागतात. नव्या ऊतींना पूर्ण मजबुती येण्यास काही वेळा वर्षही लागते. मनगटाचे साधे अस्थिभंग सहा आठवड्यांच्या आसपास जुळून आले, तरी हाड पूर्ववत बळकट होण्यास त्याहून अधिक काळ जातो.

परिणामी स्नायू ‘तयार आहे’ असे सांगत असतो, तेव्हा जखमेची जागा तयार झालेली नसते. पुन्हा होणाऱ्या दुखापतींपैकी बऱ्याचशा याच अंतरात होतात, आणि दुसरी दुखापत अनेकदा पहिलीपेक्षा महाग पडते. म्हणून पुनरारंभाचा वेग सर्वांत सशक्त भागाने ठरवू नये. तो सर्वांत दुबळ्या भागाने ठरवावा.

रुग्णालयात घडलेली पद्धत

क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची जी पद्धत आज व्यायामशाळांत रूढ आहे, तिची शास्त्रीय मांडणी एका रुग्णालयात झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. हलके वजन असंख्य वेळा उचलून घेण्याची तेव्हाची रीत दमसास वाढवी. ताकद मात्र फारशी वाढवीत नसे. डीलॉर्म यांनी थोड्या आवर्तनांत, पेलेल एवढे जड वजन देऊन ते टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा मार्ग स्वीकारला आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये डॉ. आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी या पद्धतीला सुटसुटीत रूप दिले.

ही पद्धत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादा अधिकारी मनगट मोडण्यापूर्वी दहा किलोचे डंबेल सलग दहा वेळा उचलत असे. प्लॅस्टर निघून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दहा वेळा व्यवस्थित उचलता येईल असे वजन चार किलोच भरले. मग हिशेब चार किलोपासूनच मांडावयाचा. जुने दहा किलो विसरावयाचे. त्याच्या निम्मे म्हणजे दोन किलो दहा वेळा, पाऊण म्हणजे तीन किलो दहा वेळा आणि शेवटी पूर्ण चार किलो दहा वेळा, अशी तीन आवर्तने करावयाची. आठवड्याने पुन्हा चाचणी घेऊन नवे वजन ठरवावयाचे. पहिली दोन आवर्तने शरीर तापवतात आणि तिसरे प्रगती घडवते.

एका विजेतीची वाटचाल

मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅनाहाइम येथे एकूण १९४ किलो वजन उचलून जागतिक सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी कमरेच्या दुखण्यामुळे त्यांना जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेस मुकावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत त्या १९२ किलोंसह परतल्या आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२ किलो उचलून रौप्यपदकाच्या मानकरी ठरल्या. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे नितंबाच्या दुखापतीने त्यांना पुन्हा थांबवले. एप्रिल २०२४ मधील पुनरागमनात त्यांनी १८४ किलोच उचलले. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये १९९ किलो उचलले. तेथे कांस्यपदक एका किलोने हुकले. २०२५ मध्ये नॉर्वेतील जागतिक स्पर्धेत मात्र त्यांनी पुन्हा रौप्यपदक पटकावले. १९१, १८४, १९९ हा आलेख बोलका आहे. परतीचा पहिला आकडा पूर्वीपेक्षा लहान असणे हे अपयशाचे लक्षण नव्हे.

खंडाच्या काळात काय करावे?

सर्वप्रथम निदान करून घ्यावे. अवयव वेडावाकडा दिसणे, त्यावर भार न पेलणे, बधिरता येणे किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन लगेच सूज येणे, ही तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे होत. ताज्या दुखापतीवर जोराचे मालीश टाळावे. पायाला प्लॅस्टर असताना पोटरी सुजून दुखू लागल्यास किंवा धाप लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

निदानानंतर, डॉक्टरांच्या संमतीने, शरीराच्या उरलेल्या भागांचा व्यायाम चालू ठेवावा. अमेरिकेतील येल विद्यापीठात १८९४ मध्ये झालेल्या प्रयोगात, एका हाताने सराव केला असता सराव न केलेल्या हाताचीही ताकद वाढल्याचे दिसून आले होते. हा लाभ मज्जासंस्थेमार्फत पोहोचतो. म्हणून उजवा हात झोळीत असताना डाव्या हाताने केलेला व्यायाम उजव्याच्याही उपयोगी पडतो.

आहार एकदम कमी करू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. जखम भरून येत असताना ही गरज वाढते. डाळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून ती भागवता येते; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे.

पुन्हा व्यायाम सुरू केल्यावर थोडीशी वेदना स्वाभाविक असते. ती सौम्य असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरत असेल, तर वजन योग्य आहे असे समजावे. वाढत असेल, तर एक पायरी मागे यावे. वेदनाशामक गोळी घेऊन वजन उचलणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणे होय.

खर्चाची तजवीज

अशा अपघाताची आर्थिक बाजूही विचारात घ्यावी. बँक खात्यातून वार्षिक २० रुपये हप्त्यात मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू व पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख, तर कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण देते. तथापि, हाड मोडल्यावरचा रुग्णालयीन खर्च तीत समाविष्ट नाही. त्यासाठी स्वतंत्र आरोग्य विमा असावा. फिजिओथेरपिस्टकडील फेऱ्यांचा खर्च पॉलिसीत कितपत मिळतो, हे आधीच तपासून ठेवावे. कारण पैशाअभावी अर्धवट सोडलेले उपचार हेही पुन्हा होणाऱ्या दुखापतीचे एक कारण ठरते.

अपघात टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते. त्यानंतरचा पहिला महिना कसा घालवावा आणि पहिले वजन किती उचलावे, हे मात्र आपल्या हाती असते. कमावलेली पुंजी शरीर सहसा बुडवीत नाही. ती परत देताना ते केवळ थोडा अवधी मागते.