बंधारा बांधण्यापूर्वी लावावयाच्या पाच कसोट्या

गावात बंधारा झाला की पाण्याचा प्रश्न सुटला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु गाळाने भरलेले तलाव व बरगे नसलेले बंधारे पाहिले म्हणजे काम पुरे होणे निराळे आणि काम टिकणे निराळे, हे ध्यानी येते. म्हणून ग्रामसभेत ठराव होण्यापूर्वीच ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील कसोट्या लावून पाहाव्यात.

१. पाणी किती येणार? एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडल्यास १०,००० लिटर पाणी होते. त्यातील काही मुरते, काहीची वाफ होते. उरलेलेच ओढ्यास मिळते. वरच्या अंगास आधीचे बंधारे असल्यास तेथे अडणारे पाणीही वजा करावे. खालच्या गावाचा वाटा विसरू नये.

२. जागा योग्य आहे काय? पाझर तलावाखाली पाणी मुरू देणारा थर हवा; साठवण तलावाखाली तो घट्ट हवा. एकास चांगली जागा दुसऱ्यास निरुपयोगी ठरते.

३. माथ्यावरील कामे झाली आहेत काय? डोंगरउतारावर समतल चर, बांधबंदिस्ती व झाडोरा नसेल, तर पावसाबरोबर माती वाहून येते व तलाव लवकर गाळाने भरतो. म्हणून कामे माथ्याकडून पायथ्याकडे घ्यावीत.

४. देखभाल कोण करणार? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरताना बरगे बसवावे लागतात. उशीर झाल्यास पाणी वाहून जाते. पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढले नाहीत, तर पूर बाजूचा काठ फोडतो. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड पद्धत शतकानुशतके चालत आली, ती पाटांची दुरुस्ती लाभधारकांनी स्वतः केली व पाटकऱ्याने क्रमाने पाणी दिले म्हणूनच.

५. पाणी कसे वापरणार? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत पडली. शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास गावाने मनाई केली. असा निर्बंध नसेल, तर मुरलेले पाणी उपशातच संपते.

या पाच प्रश्नांची उत्तरे ठरावासोबत इतिवृत्तात लिहून ठेवावीत. बरगे कोठे राहतील व ते कोण बसवील, हेही नावानिशी नमूद करावे. एखाद्या कसोटीस काम उतरत नसेल, तर जागा बदलावी अथवा काम पुढे ढकलावे. चुकीच्या जागी बांधलेला बंधारा पुन्हा हलविता येत नाही.