सरपण : ओले की सुके?

दिवा, साबे, दातिवली, आगासन या आपल्या भागात कडाक्याची थंडी पडत नाही. आपल्याकडे सरपण जळते ते आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी, सिलिंडर संपला म्हणजे स्वयंपाकासाठी आणि लग्नकार्यातील मोठ्या भांड्यांखाली. सरपण घेताना आपण भाव विचारतो. ते ओले की सुके हे मात्र क्वचितच पाहतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. म्हणजे दहा किलोंच्या मोळीतील पाच किलो पाणी आपण लाकडाच्या भावाने विकत घेतो! नुकसान एवढ्यावर थांबत नाही. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते व ती जाळातूनच खर्ची पडते. पूर्ण कोरडे लाकूड किलोमागे सुमारे ४,४०० किलोकॅलरी देते असे धरून विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. वीस टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३,४०० मिळतात, निम्मे पाणी असेल तर जेमतेम १,९००.

शिवाय वाफेमुळे जाळ थंडावतो. लाकडातून निघणारे वायू पुरते पेटत नाहीत आणि धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेले सरपणच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. दहा बाय दहाच्या खोलीत तो धूर प्रथम चुलीपुढच्या आईच्या आणि तिच्याजवळच्या मुलाच्या छातीत जातो.

सुके लाकूड ओळखणे अवघड नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. सुके खणखणते, ओले बद्द वाजते. सुक्याच्या टोकांना भेगा असतात, साल सहज सुटते. जळताना टोकाला फेस आला, सूं-सूं आवाज झाला, तर ते ओलेच समजावे. वखारवाल्याच्या शब्दापेक्षा आमचा या परीक्षेवर अधिक विश्वास आहे. बाभळीसारखे जड लाकूड बराच वेळ निखारा धरते. सावर, पांगारा भुरकन जळून जातात.

पावसाळ्याचे सरपण होळीच्या सुमारास घ्यावे. मनगटाएवढ्या जाडीचे फोडून, विटांवर, मध्ये हवा खेळेल असे रचावे. वर पत्रा टाकावा, पण चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळू नये. ओल आतच कोंडते. एका तुकड्याचे वजन दर आठवड्यास करावे. ते घटायचे थांबले की लाकूड सुकले.

बांधकामावरचे प्लायवूड, सनमायका, रंगविलेल्या फळ्या फुकट मिळाल्या तरी जाळू नयेत. त्यांतील गोंद व रंगाचा धूर विषारी असतो. खाडीकाठचे तिवर तर तोडूच नये. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली आहे.

सुक्या लाकडानेही कार्बन मोनॉक्साईड पूर्णपणे टळत नाही. या वायूला वास नसतो. म्हणून बंब उघड्यावर पेटवावा, आणि निखाऱ्याची शेगडी दार-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्री कधीही ठेवू नये.