आय७ ऐकून भुलू नका: कमी पैशात घरचा पीसी कसा जुळवायचा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि चहाचे घोट काढलेत.

औंधहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पुण्यातलं औंध नव्हे हां, खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध. पोरगा बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आजवरचं सगळं कोडिंग मोबाईलवर केलंय. वडिलांनी बटाट्याच्या पैशातून ३५ हजार बाजूला काढलेत. त्यात मॉनिटरसकट सगळं बसवायचं, आणि पुढची चार-पाच वर्षं परत पैसे मागायचे नाहीत. एका दुकानदारानं त्याला ऑफर दिलीय: "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, वर २ जीबी ग्राफिक्स कार्ड फ्री. फक्त १८ हजार." दादा, घेऊ का?

भावा, थांब. आधी एकच प्रश्न विचार: कितव्या पिढीचा आय७?

आय३, आय५, आय७ ही त्या-त्या वर्षाच्या मालातली उतरंड आहे. म्हणजे सहावीतला पहिला नंबर आणि बारावीतला तिसरा नंबर, दोघांची मार्कशीट शेजारी ठेवून काही कळत नाही. इतक्या स्वस्तात मिळणारा आय७ बहुतेक वेळा आय७-३७७० किंवा त्याच्याही आधीचा असतो. ३७७० आला २०१२ साली. चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ चा आय३-१२१०० बघा, त्यालाही चार कोअर, आठ थ्रेडच. पण मधल्या दहा वर्षांत एकेक कोअर इतका सुधारला की हा 'लहान' आय३ त्या आय७ला आरामात मागे टाकतो, आणि वीजही कमी खातो. ओळखायची खूण सोपी आहे: या जुन्या नंबरांतले शेवटचे तीन आकडे झाका, उरतो तो पिढीचा आकडा. ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी.

यात फक्त वेगाचा प्रश्न नाही. विंडोज ११ला मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.०. विंडोज १०चा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे तो १८ हजारांचा डबा पहिल्या दिवसापासूनच म्हातारा. लिनक्स टाकून चालेल, शिकायला उत्तमही आहे, पण मग तो माल १८ हजारांचा नाही. आणि जुन्या प्रोसेसरला बोर्ड कुठून आणतात? एच६१ नावाचे बोर्ड, मूळ डिझाइन २०११ चं, आता कुठल्यातरी अनोळखी नावानं परत बनवलेले. त्यावर वेगवान एनव्हीएमई एसएसडीवरून विंडोज सहसा सुरूच होत नाही. बोर्ड गेला की तसाच दुसरा शोधत फिरा.

आपल्याकडे मोटार घ्या, कडबाकुट्टी घ्या, म्हातारी माणसं पहिलं विचारतात, "पार्ट मिळतो का?" उगाच नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला तो औंधच्याच पंतप्रतिनिधींनी. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगर ज्या मुलखात बनला, तिथं 'उद्या मोडला तर काय' हा प्रश्न पीसी घेतानाही विचारायला काय हरकत आहे? कमी बजेटमध्ये तर हाच खरा प्रश्न. प्रत्येक पार्टला विचारा: दोन वर्षांनी तुझ्या जागी दुसरा बसेल का?

मग घ्यायचं काय? माझ्या मते या बजेटला दोन रस्ते आहेत. एक, रायझन ५ ५६००जी. दुसरा, आय३-१२१००. दोघांच्या आतच ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड लागत नाही. ५६००जीला सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतलं ग्राफिक्स बरंच दणकट. व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून हलका गेम असेल तर मी हाच घेईन. आय३ची मजा अशी की त्याच सॉकेटमध्ये पुढे तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर बसतो, फक्त बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तो आहे का ते बघून घ्यायचं.

इथं एक अक्षर घात करतं. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त दिसतो, पण 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. रायझनचं उलटं: ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. चुकून तो आला की घरी स्क्रीन काळी, आणि कार्डाचा खर्च डोक्यावर. ५६००जीसाठी जुन्या स्टॉकमधला बी४५० बोर्ड घेत असाल तर बायोस अपडेट करून द्यायला सांगा, नाहीतर तो प्रोसेसर ओळखायचाच नाही.

आणि ते फ्री ग्राफिक्स कार्ड? बहुतेक जीटी ७१० सारखं काहीतरी निघतं. ५६००जीच्या पोटातलं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. फुकट असलं तरी घरी न्यायच्या लायकीचं नाही.

रॅम हा सध्या दुखरा विषय. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. म्हणून रॅमचा आकडा मी एपिसोडमध्ये सांगत नाही, तुम्ही ऐकेपर्यंत तो शिळा झालेला असेल. पण दोन गोष्टी शिळ्या होत नाहीत. बोर्ड डीडीआर४चा घ्या. आय३साठी बोर्ड दोन्ही प्रकारचे येतात, आणि एकात दुसऱ्याची रॅम बसत नाही. डीडीआर४ वापरलेली मिळते, आणि वापरलेलं घेण्यात सगळ्यात कमी धोका रॅममध्येच आहे, कारण ती एकतर चालते नाहीतर चाचणीत लगेच पकडली जाते. दुसरं, १६ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. डीडीआर४ ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी ने-आण करते, दोन लावल्या की ५१.२. एकपदरी रस्ता दुपदरी झाल्यासारखं. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे ५६००जीला हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. पैसे अगदीच तुटले तर आज ८ लावा आणि एक खाच मोकळी ठेवा. अँड्रॉइड अॅप बनवताना ८ मध्ये एम्युलेटर रडतो, तोवर आपलाच फोन केबलनं जोडून त्यावर अॅप चालवायचं. मीही ऑफिसात तेच करतो, आणि तिथं ३२ जीबी आहे.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई. साध्या हार्ड डिस्कवर विंडोज टाकायचे दिवस गेले, यावर जास्त बोलत नाही.

आता ज्यासाठी हा एपिसोड केला ते. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. केबिनेटसोबत फुकट येतो आणि वर '४५० वॅट' लिहिलेलं असतं. त्याचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत? समजा १४. चौदा गुणिले बारा, १६८ वॅट. प्रोसेसरला आणि पुढे कार्डाला जी ताकद मिळणार ती एवढीच, बाकी पेंट. कुणी म्हणेल, ५६००जीचा पूर्ण पीसी शंभर-सव्वाशे वॅटवर भागतो, मग १६८ पुरेल की! आकड्यानं पुरेल. पण स्वस्त सप्लाय मरताना एकटा मरत नाही, बोर्ड आणि एसएसडीला सोबत घेऊन जातो. चांगल्यामध्ये शॉर्ट झालं, व्होल्टेज चढलं की स्वतः बंद व्हायची सोय असते.

गावात हे जास्त महत्त्वाचं. शेतीपंप सुरू झाले की घरातला बल्ब मंद होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून लेबलवर इनपुट '१००-२४०' लिहिलंय का बघा. असा सप्लाय व्होल्टेज १७०-१८० वर आलं तरी तग धरतो. मागे ११५/२३० चं लाल बटण असेल तर तो जुन्या पद्धतीचा, शक्यतो टाळा. आणि घरात असा असेलच तर ते बटण गंमत म्हणून ११५ वर नेऊ नका, धूर निघेल.

केबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? पीसी खराब नाही, अर्थिंग नाही. सप्लायच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून थोडासा करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जायला हवा असतो. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. पीसी यायच्या आधी वायरमनला बोलावून हे करून घ्या. खर्च ग्राफिक्स कार्डापेक्षा खूप कमी, आणि घरातल्या फ्रीजलाही उपयोग.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. '६००' म्हणजे वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट. आत बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. मॉनिटरसकट पीसी त्यावर दहा-वीस मिनिटं निघतो. काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं बास, लाईट येईपर्यंत बसायला नाही.

हे सगळं नवं घेतलं तर आजच्या रॅमच्या भावात ३५ हजारांत नवा मॉनिटर बसवताना ओढाताण होणार. तिथं मी वापरलेला ऑफिसचा मॉनिटर घेईन. दुकानात पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून डाग बघायचे, एचडीएमआय आहे का बघायचं. तरीही जमत नसेल, तर ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय५, उदाहरणार्थ आय५-८५००, चांगल्या दुकानातून घ्या. सहा कोअर, विंडोज ११ चालतं. फक्त त्या डब्यांचे सप्लाय आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचे असतात, पुढे वाढवायला जागा कमी. कोडिंग शिकायला मात्र भरपूर.

खरेदी कुठून? सातारा, कराड, पुणे, ऑनलाइन, जिथं पटेल तिथून. आपल्या भागातल्या गलाईवाल्यांचे पाहुणे देशभर आहेत, दिल्लीचा मामा नेहरू प्लेसमधून पार्ट आणतो म्हणाला तर आणू द्या. पण प्रत्येक पार्टचं जीएसटीचं पक्कं बिल हवं आणि बिलावर सिरीयल नंबर हवा. 'बिल नको, १८ टक्के वाचव' म्हणाला तर वाचणारे पैसे हे तुमच्या वॉरंटीचे पैसे आहेत. बोर्ड गेला तर सर्व्हिस सेंटर मामाचं तोंड बघत नाही, नंबर बघतं.

तर भावा, त्या दुकानदाराला प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचं मॉडेल आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो माग. दिला तर मला पाठव, पुढच्या एपिसोडला तेच घेऊ.