वल्ह्याला हात लावण्यापूर्वी

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि सारा खानदेश ओलांडून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. वाटेत शिंदखेडे तालुक्यात मुडावद येथे पांझरा तिच्या पोटात शिरते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तेथेच वडिलांबरोबर नावेतून पैलतीरी चाललो होतो. पात्राच्या मध्यावर आल्यावर पलीकडचा काठ नीट दिसावा म्हणून मी उभा राहिलो. तोच नाव एका अंगाला कलली आणि शेजारच्या बाईने टोपली घट्ट धरली. नावाडी ओरडला, "पोऱ्या, खाले बठ!" मी मटकन बसलो; नावही सावरली. नावेत पाऊल टाकणाऱ्याने शिकावयाचा पहिला धडा मला असा फुकट मिळाला.

मुलांनो, जळगावचे मेहरूण तळे किंवा धुळ्याजवळचा नकाणे तलाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काठावर उभे राहून 'आपणही होडी वल्हवावी' असे कोणाला वाटले नसेल? मात्र वल्हवणे हा एक शास्त्रशुद्ध खेळ आहे आणि तो रीतसर वर्गात शिकवला जातो. त्याला संथ व लांबवर पसरलेले पाणी लागते. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या व उन्हाळ्यात वाळू उघडी पाडणाऱ्या नद्यांवर असे पाणी बारमाही मिळत नाही. म्हणून असे क्लब बहुधा बंधाऱ्याच्या किंवा धरणाच्या आश्रयाने वाढतात. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी १८६८ मध्ये असा एक क्लब स्थापन झाला. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब व त्याचा रेगाटा हा नौकोत्सवही प्रसिद्ध आहे.

शर्यतीची होडी आणि नावाड्याची नाव यांत फार अंतर आहे. एकट्याने वल्हवावयाची शर्यतीची होडी सुमारे आठ मीटर लांब असते. पण तिचे वजन अवघे १४ किलोच्या आसपास आणि पाण्याला टेकणारी रुंदी जेमतेम दीड वीत! अशी होडी जरा तोल गेला तरी कलते. म्हणूनच नवशिक्याला प्रथम रुंद व स्थिर होडीत बसवतात.

दुसरी नवलाची गोष्ट अशी की, वल्हवणारा जिकडे जावयाचे तिकडे पाठ करून बसतो. असे का बरे? कापसाचे जड गाठोडे उचलणाऱ्या गड्याकडे पाहा. तो केवळ हातांनी ओढीत नाही. गुडघे वाकवून पायांच्या जोराने उठतो. वल्हवतानाही तसेच होते. वल्हवणाऱ्याची बैठक चाकांवर पुढेमागे सरकते. पाय घट्ट रोवलेले असतात. गुडघे वाकवून तो पुढे सरकतो, वल्ह्यांची पाती पाण्यात बुडवतो आणि पायांनी रेटा देतो. मग पाठ मागे झुकते व शेवटी हात छातीकडे येतात. हा रेटा पुरता मिळावा म्हणूनच पाठमोरे बसावे लागते. नवशिके हातांनीच ओढू पाहतात आणि चार वल्ह्यांत दमतात.

आता पहिल्या वर्गाच्या तयारीकडे वळू. सर्वांत आधी पोहता आले पाहिजे. अंगावरील कपड्यांनिशी निदान ५० मीटर पोहता यावे आणि पाण्यावर काही मिनिटे निश्चिंत तरंगता यावे. आमच्या पिढीने पाठीला कोरडा भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकले. पण त्या वेळी काठावर कोणी तरी मोठे माणूस दोर घेऊन उभे असे, हे विसरू नका. पोहता येत नसेल तर तसे शिक्षकांना स्पष्ट सांगावे. लाजून गप्प बसणारा मुलगा स्वतःबरोबर दुसऱ्यालाही संकटात टाकतो. दमा, फेफरे यांसारखा आजार असल्यास तोही आधीच कळवावा. पोहता येत असो वा नसो, शिक्षकांनी दिलेले तरंगणारे जाकीट अंगावरून काढू नये.

कपडे अंगाबरोबरचे व लवकर वाळणारे असावेत. ढगळ सदऱ्याचा सोगा वल्ह्याच्या मुठीत किंवा बैठकीच्या चाकांत अडकतो. होडीतच पायताणे जोडलेली असतात व ती अनेकांच्या वापरातली असतात. तेव्हा मोजे न्यावेत. नखे आदल्या दिवशीच कापावीत. याचे तुम्हांला हसू येईल. परंतु दोन वल्ही एका वेळी ओढताना एक मूठ दुसरीवरून जाते आणि वाढलेली नखे आपल्याच बोटांची साले काढतात. टोपी, पाणी व कोरड्या कपड्यांचा जोड बरोबर असावा. पोटभर जेवून लगेच होडीत बसणे वाईट, आणि उपाशीपोटी बसणेही वाईट. तळहातांना फोड मात्र येणारच. त्यावर माझ्याजवळ औषध नाही.

होडी उलटली तर काय करावे, हे कोरड्या जमिनीवर असतानाच विचारून घ्यावे. उत्तर सोपे आहे: पाय सोडवावेत आणि होडीला धरून राहावे. उलटलेली होडीसुद्धा तरंगते. काठ जवळ दिसला तरी तिला सोडून पोहत सुटू नये. पायताणांच्या टाचा दोरीने बांधलेल्या असतात, त्या पाय चटकन निघावा म्हणूनच. होडीच्या पुढच्या टोकावर एक लहानसा रबरी चेंडू असतो. तो शोभेचा नव्हे; टक्कर झाल्यास टोक कोणाच्या अंगात घुसू नये म्हणून तो बसवतात.

पाण्याची भीती वाटते म्हणून कोणी मागे राहात असेल, तर त्याने दत्तू भोकनळ यांची हकिकत ऐकावी. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. गाव दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे कष्ट करणाऱ्या या तरुणाने होडीचे वल्हे कधी हाती धरले नव्हते. २०१२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि पुण्यास वल्हवणे शिकू लागले. आरंभी त्यांनाही पाण्याची भीती वाटे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवण्यासाठी गेलेले ते एकमेव भारतीय होते. दोन हजार मीटरच्या त्या शर्यतीत त्यांनी तेरावा क्रमांक मिळवला. पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत चौघांच्या होडीत त्यांनी साथीदारांसह सुवर्णपदक पटकावले. जेथे पाण्यासाठी जमीन खोदावी लागते, अशा गावातून हा नौकापटू निघाला!

पहिल्या दिवशी वर्गाला थोडे लवकर जावे. होडी एकट्याने हलवावयाची नसते. सारे मिळून, एकाच्या हुकुमावर, ती घरातून पाण्यापर्यंत वाहून नेतात. तिचे कवच नाजूक असते, दगडाचा एक टोला पुरतो. शिवाय त्या दिवशी तुम्ही पाण्यात उतरालच असे नाही. कदाचित जमिनीवरील वल्हवण्याच्या यंत्रावरच तास जाईल. कदाचित वारा सुटलेला असेल आणि शिक्षक सर्वांना घरी पाठवतील. तेव्हा रुसू नका. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हा वल्हवण्याच्या शर्यती ठरल्या होत्या. परंतु हवा बिघडली आणि त्या रद्द कराव्या लागल्या. चार वर्षांनी, १९०० मध्ये, पॅरिसला त्या झाल्या. तुम्हांला फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागेल.